वडिलांना आहे, मला आहे; बाळाला होईल का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत): पत्रलेखिकेचे वय ३१ वर्षे आहे. सतराव्या वर्षी त्यांचा घसा धरला, ताप आला आणि तो उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांतच अंगभर थेंबांसारखे लाल ठिपके उठले. पुढे कोपरे, गुडघे आणि डोके येथे सोरायसिसचे चट्टे राहिले ते राहिलेच. वडिलांनाही सोरायसिस आहे. सध्या पत्रलेखिकेचे उपचार म्हणजे मलमे आणि अधूनमधून प्रकाशोपचार. त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अलीकडे दोन गोष्टी सुचवल्या. पहिली म्हणजे एका आनुवंशिक अभ्यासात सहभागी होणे, ज्यासाठी त्यांचे रक्त, त्वचेचे दोन लहान तुकडे आणि आई-वडील व भाऊ यांचेही रक्त लागेल. दुसरी म्हणजे एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव देणे. तीत पहिले सोळा आठवडे काही जणांना प्लासिबो (औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली मात्रा) मिळेल. पतिपत्नींना वर्षभरात मूल हवे आहे, परंतु ‘अभ्यासाचा निकाल आला की बाळाला होणार की नाही ते कळेल, मग बघू’ असे दोघांनी ठरवले आहे. नवे औषध मिळत असेल तर सोडू नये, असे पतीचे मत आहे. भाऊ रक्त द्यायला तयार नाही: ‘मला काही झालेले नाही, मी कशाला?’ वडील ‘माझ्याकडूनच तुला आले’ असे म्हणतात आणि विषय निघाला की उठून जातात. त्यांची बोटे हल्ली सकाळी सुजलेली आणि आखडलेली असतात, ‘वयामुळे असेल’, असाही एक ओझरता उल्लेख पत्राच्या शेवटी आहे. पत्रलेखिका विचारतात: अभ्यासात आणि चाचणीत सहभागी व्हावे का, भावाला कसे पटवावे आणि निकाल येईपर्यंत मूल लांबवावे का?

---

तुमच्या पत्रात एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत तीनदा आले आहे: निकाल आला की कळेल. तुमचे तिन्ही प्रश्न या एका वाक्याला टांगलेले आहेत, म्हणून आधी त्याचीच खुंटी हलवून पाहते.

प्रयोगशाळेत आपण रक्त देतो तेव्हा संध्याकाळी किंवा आठवड्याभरात हातात एक कागद येतो आणि त्यावर आपले नाव असते. संशोधनात दिलेल्या रक्ताचे तसे नसते. तुमचा नमुना एका सांकेतिक क्रमांकाने हजारो इतर नमुन्यांबरोबर ठेवला जाईल, सोरायसिस असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या जनुकांची तुलना होईल, आणि काही वर्षांनी एखादा शोधनिबंध छापून येईल, ज्यात तुम्ही एका आलेखावरच्या असंख्य ठिपक्यांपैकी एक असाल. अशा बहुतेक अभ्यासांत व्यक्तीला तिचा वैयक्तिक निकाल दिला जात नाही, आणि यात लपवाछपवी काही नसते, कारण त्या निकालाचा एका माणसापुरता अर्थच फारसा लागत नाही. तुमच्या बाबतीत तो दिला जाणार आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. माझा अंदाज आहे की उत्तर ‘नाही’ असे येईल, आणि मग ‘निकाल आला की बघू’ या योजनेतला निकालच उरणार नाही.

समजा, तरीही तो दिला गेला. त्यात काय असेल? सोरायसिसशी सर्वांत घट्ट नाते असलेला जनुकीय फरक सहाव्या गुणसूत्रावर आहे. एचएलए-सीडब्ल्यू६ या नावाने तो ओळखला जातो. ज्यांना तुमच्यासारखा लहान वयात, घशाच्या संसर्गानंतर ठिपक्यांच्या रूपात सोरायसिस सुरू होतो, त्यांच्यात तो विशेषकरून आढळतो, त्यामुळे तुमच्यात तो निघाला तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. परंतु हाच फरक अंगात असलेल्या दहा माणसांपैकी साधारण एकालाच आयुष्यात सोरायसिस होतो. उरलेली नऊ माणसे तो घेऊन जगतात, म्हातारी होतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. सोरायसिसशी संबंधित सर्वांत बलवान जनुकाची ही गत आहे; बाकीच्यांचे काय सांगावे? जनुकसंचातल्या अशा जागा २०१७ पर्यंत साठाहून अधिक सापडल्या होत्या, आज ती संख्या शंभराच्या पुढे गेली आहे, आणि त्यांपैकी बहुतेकींचा एकेकटीचा परिणाम इतका सूक्ष्म आहे की तो दिसण्यासाठीच हजारो रुग्ण तपासावे लागतात. या सगळ्या जागांची बेरीज करून धोक्याचे गुण काढण्याचे प्रयत्न होतात. मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला ते गुण उपयोगी पडतात, पण एका न जन्मलेल्या बाळाबद्दल हो किंवा नाही सांगण्याचे बळ त्यांच्यात नाही.

एकसारख्या जुळ्यांचा दाखला मला नेहमी सर्वांत बोलका वाटतो. दोघांची जनुके तंतोतंत तीच असतात. आजार केवळ जनुकांचा असता तर एकाला झाला की दुसऱ्याला होणे अटळ ठरले असते. प्रत्यक्षात निरनिराळ्या अभ्यासांत दोघांनाही सोरायसिस असण्याचे प्रमाण साधारण ३५ ते ७३ टक्के एवढेच आढळले. म्हणजे संपूर्ण जनुकसंच हाती असूनही निसर्गाकडून ठाम उत्तर मिळत नाही, तर रक्ताच्या एका नमुन्याकडून ते कसे मिळावे?

मग काहीच सांगता येत नाही का? येते, पण जनुकांपेक्षा घराण्याच्या इतिहासावरून, आणि तेही ढोबळपणे. आई किंवा वडील यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता एका जुन्या जर्मन अभ्यासात सुमारे १४ टक्के आणि दोघांनाही असेल तर सुमारे ४१ टक्के आढळली. एका स्वीडिश अभ्यासाने आयुष्यभराचा हिशेब धरून हेच आकडे अनुक्रमे २८ आणि ६५ टक्के मांडले. आकड्यांतली ही तफावत पाहून गोंधळू नका. कोणती कुटुंबे निवडली, कोणत्या वयापर्यंत मोजले, यावर ती अवलंबून असते. तुमच्या पतीला हा आजार असल्याचे पत्रात म्हटलेले नाही. तेव्हा वाईटात वाईट अंदाज धरला तरी, तुमच्या बाळाला तो न होण्याचीच शक्यता जास्त आहे. झालाच तरी तो कोणत्या वयात होईल, नखापुरता राहील की अंगभर पसरेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून चार हात दूर राहा.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकते: या अभ्यासासाठी मूल लांबवण्याचे कारण मला दिसत नाही. लांबवायचे असेल तर ते तुमच्या दोघांच्या इतर कारणांसाठी लांबवा.

आता वडिलांविषयी. ‘माझ्याकडूनच तुला आले’ या वाक्यात वस्तुस्थिती किती आणि अपराधीपणा किती, हे जरा वेगळे करून पाहायला हवे. उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गुन्नार लोमहोल्ट या संशोधकाने सुमारे अकरा हजार रहिवाशांची तपासणी करून १९६३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, आणि सोरायसिस असलेल्या बहुसंख्यांच्या जवळच्या नातलगांत तो आधीच असल्याचे त्यात दिसले. तेव्हा आजार घराण्यातून येतो, हे खरेच आहे. परंतु तो आडनावासारखा एकाच बाजूने, सरळ रेषेत येत नाही. शंभराहून अधिक जागांवरचे बारीक बारीक फरक एकत्र जमतात तेव्हा शरीराची तयारी होते, आणि त्यांतले काही फरक तुम्हाला तुमच्या आईकडूनही मिळालेले असणार, जिच्या अंगावर आयुष्यात एक चट्टाही उठलेला नाही. एवढी तयारी असूनही ठिणगी पडली ती त्या घशाच्या संसर्गाची: स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला निघालेल्या पेशी काही जणांत त्वचेलाच शत्रू समजू लागतात, असे आजचे आकलन आहे. तुमच्या वडिलांनी तुम्हाला घसादुखी दिली नव्हती. हे त्यांना समजावून सांगताना जनुकांचे व्याख्यान देऊ नका. आईच्या वाट्याची गोष्ट तेवढी सांगा. माझ्या अनुभवात कित्येक वडील या एका माहितीने, का कोण जाणे, थोडे सैलावतात.

वैयक्तिक उत्तर मिळणार नसेल तर रक्त द्यायचेच कशाला, असे तुम्ही साहजिकच विचाराल. हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर तुमच्यासारख्याच कुटुंबांनी दिलेले आहे.

सोरायसिसचा एक दुर्मीळ आणि जिवावर बेतू शकणारा प्रकार आहे, ज्यात अंगभर पूभरले फोड उठतात आणि सोबत जोराचा ताप येतो. ट्युनिशियातील काही कुटुंबांत हा प्रकार पिढ्यान्पिढ्या दिसत होता. त्या कुटुंबांनी नमुने दिले आणि २०११ मध्ये त्यांच्यातील बिघाड आयएल३६आरएन या जनुकात सापडला. दाह पेटवणाऱ्या एका संदेशाला एरवी लगाम घालणारे प्रथिन त्यांच्यात नीट काम करत नव्हते. दाहाचा हा मार्ग एकदा कळल्यावर तो अडवणारे औषध बनवता आले, आणि स्पेसोलिमॅब हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाले. नमुने देणाऱ्यांना त्या दिवशी काय मिळाले असेल? बहुधा सुई टोचल्याची जागा आणि एक छापील आभारपत्र. पुढच्या अकरा वर्षांत मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरचे फोड विझवणारे औषध उभे राहिले.

सर्वसाधारण सोरायसिसमध्ये ही साखळी इतकी सरळ नसते. आयएल-२३ या दाहाच्या संदेशाशी संबंधित जनुके २००७ च्या सुमारास सापडली, पण तो संदेश अडवणाऱ्या पहिल्या औषधाच्या चाचण्या तेव्हा आधीच चालू होत्या. तिथे जनुकांनी वाट दाखवली असे म्हणण्यापेक्षा, चालत असलेली वाट बरोबर आहे याची ग्वाही दिली, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. टीवायके२ या जनुकातील काही बदल असलेल्यांना सोरायसिस कमी होतो, हेही असेच हाती आले, आणि त्याच प्रथिनाला आवर घालणारी गोळी २०२२ मध्ये मंजूर झाली. त्वचेच्या दुसऱ्या एका आजारात, म्हणजे अॅटोपिक एक्झिमात (खाजऱ्या, कोरड्या इसबात), २००६ मध्ये फिलॅग्रिन जनुकातील बिघाड सापडला आणि सारा विचारच फिरला. तोवर एक्झिमा म्हणजे मुळात अॅलर्जी असे समजले जाई. त्वचेची बाहेरची भिंतच काहींमध्ये जन्मतः विरळ असते आणि त्रास तिथून आत शिरतो, हे त्यानंतर पक्के झाले. आजपर्यंतच्या अशा अभ्यासांतले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, ही या क्षेत्रातली ठळक उणीव आहे, आणि ती इतर वंशांच्या कुटुंबांनी नमुने दिल्याखेरीज भरून निघणार नाही.

आता त्वचेच्या त्या दोन तुकड्यांबद्दल, कारण तुमच्या पत्रात त्याची भीती शब्दांआडून डोकावते. जागा बधिर करणारे इंजेक्शन देतात. ते देतानाची चुरचुर हाच खरा त्रास. मग पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पुढे गोल धार असलेल्या उपकरणाने चार-सहा मिलिमीटर रुंदीचा तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. एक तुकडा चट्ट्यातला आणि दुसरा वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेतला, असे दोन घेण्याची पद्धत आहे, कारण दोन्हींची तुलना केल्यावरच चट्ट्यात नेमके काय बदलले ते कळते. निरोगी कातडीचा वरचा थर सुमारे महिनाभरात पुन्हा तयार होतो, चट्ट्यात ती घाई तीन ते पाच दिवसांवर आलेली असते. पापुद्रे सुटतात ते त्यामुळे. औषधाने चट्टा पूर्ण निवळल्यावरही त्या जागी काही स्मृतिपेशी, म्हणजे जुना हल्ला लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशी, दबा धरून राहतात, असेही अशा तुकड्यांतूनच दिसले आहे. तुमचा चट्टा दर वेळी त्याच कोपरावर, त्याच आकारात परत का येतो, याचे उत्तर बरेचसे त्यात आहे. एक सावधगिरी मात्र घ्या. सोरायसिस असलेल्यांत जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो, म्हणून दुसरा तुकडा कपड्याआड राहणाऱ्या जागेवरून घ्यावा असे सांगा आणि तुमच्या अंगावर ओरखड्यांच्या रेषेत पूर्वी चट्टे उठले असतील तर ते आधीच कळवा.

संमतिपत्र घरी आणून वाचा. अशी संमतिपत्रे वाचून समजावून सांगण्याचे काम मी काही काळ केले आहे, आणि पहिल्या पानावर गुंतलेला वाचक शेवटच्या दोन पानांवर थकून सही करतो, हे अनेकदा पाहिले आहे. महत्त्वाचे बहुधा तिथेच असते. नमुना फक्त याच अभ्यासासाठी आहे की पुढच्या, आज ठाऊकही नसलेल्या अभ्यासांसाठीही ठेवला जाणार आहे? माहिती इतर संस्थांना किंवा औषध कंपन्यांना दिली जाईल का, आणि दिली तर नावाशिवाय दिली जाईल ना? सोरायसिस शोधताना दुसऱ्याच एखाद्या गंभीर आजाराचा धागा सापडला तर तो तुम्हाला कळवणार का, आणि तुम्हाला तो कळून घ्यायचा आहे का? कधीही माघार घेण्याचा हक्क तुम्हाला असतो, पण माघारीनंतर उरलेला नमुना नष्ट करता येतो, छापून आलेल्या निष्कर्षांतून स्वतःला वजा करता येत नाही, हेही माहीत असू द्या. ज्या विमा कंपनीच्या अर्जात जनुकीय तपासणीविषयी विचारतात, तिथे संशोधनातला सहभाग कसा मोजला जातो, तेही आधी तपासा. आणखी एक नाजूक बाब आहे, जिचा उल्लेख लोक टाळतात: आई-वडील आणि मुले यांचे नमुने शेजारी ठेवले की नाती कागदावरच्यापेक्षा वेगळी असल्याचे क्वचित उघड होते. अशी माहिती कुटुंबाला कळवली जात नाही ना, हे कोणत्याही कौटुंबिक अभ्यासात विचारावे. विचारल्याने कुणावर संशय घेतला असे होत नाही. या सर्वांची उत्तरे समाधानकारक असतील आणि अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी असेल, तर माझे मत असे की सहभागी व्हा.

यात भावाचा प्रश्न येतो, आणि इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. ‘भावाला कसे पटवावे’ असे तुम्ही लिहिले आहे. पटवणे हे क्रियापदच इथे बसत नाही. संशोधनातल्या संमतीला किंमत असते ती ती न मागे ओढता, न पुढे ढकलता दिलेली असते म्हणून. बहिणीच्या आग्रहाखातर, आईच्या डोळ्यांकडे पाहून दिलेले रक्त कायद्याने चालेल, पण ते मोकळेपणाने दिलेले नसेल. शिवाय ‘मला काही झालेले नाही’ या वाक्याच्या आत कदाचित ‘आणि होणार असेल तर मला आत्ता कळायला नको’ हे दुसरे वाक्य दडलेले असावे. न जाणण्याचाही माणसाला हक्क असतो. अशा अभ्यासांत निरोगी भावंडाचा नमुना उपयोगी असतो, परंतु एका भावंडाच्या नकाराने कोणताही नीट आखलेला अभ्यास कोसळत नाही. तुमच्याकडून एक गोष्ट मात्र त्याला मिळायला हवी. तुमच्या जनुकांपैकी साधारण निम्मी त्याच्याशी जुळणारी आहेत, त्यामुळे तुम्ही नमुना देता तेव्हा त्याच्याविषयीही थोडेसे सांगत असता. म्हणून सही करण्यापूर्वी त्याला सांगा, ‘मी देते आहे, तू दिले नाहीस तरी चालेल.’ त्यानंतर त्याला काही विचारायचे असेल तर अभ्यासाच्या समन्वयकाचा क्रमांक द्या आणि विषय सोडून द्या.

नव्या औषधाची चाचणी ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्रात दोन्ही एकाच दमात आल्या आहेत. आनुवंशिक अभ्यास तुमच्याकडून नमुना घेतो आणि तुमचे उपचार चालू तसेच राहतात. औषधाची चाचणी तुमच्या उपचारांचीच सूत्रे हाती घेते. तिचा पहिला हेतू औषध तपासणे हा असतो, तुम्हाला बरे करणे हा दुसरा, आणि डॉक्टर कितीही मायाळू असले तरी हा क्रम बदलत नाही.

प्लासिबोबद्दल तुम्हाला वाटणारी फसवणुकीची भावना मी समजू शकते. पण सोरायसिस आपणहून वाढतो आणि आपणहून ओसरतो. माणसे चाचणीत नाव देतात ती बहुधा त्रास शिगेला असताना, आणि पुढच्या काही आठवड्यांत तो काहीही न करता थोडा उतरतोच. तो उतार औषधाच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून दुसरा गट लागतो. मोजमापही डोळ्यांनीच होते. बोटांसकट तुमचा तळहात म्हणजे तुमच्या अंगाचा साधारण एक टक्का, या हिशेबाने तपासनीस चट्ट्यांचे क्षेत्र मोजतो, लाली, जाडी आणि पापुद्रे यांना गुण देतो आणि त्यातून शून्य ते ७२ असा एक आकडा येतो, ज्याला पासी म्हणतात. तो आकडा तीन चतुर्थांशाने खाली आला की पासी ७५ गाठला असे धरतात. कोण कोणत्या गटात आहे हे तपासनिसालाही ठाऊक नसते, कारण ठाऊक असते तर लालीला तीन द्यायचे की दोन, हे त्याच्याही नकळत ठरले असते. सावळ्या त्वचेवर ती लाली जांभळट किंवा करडी दिसते आणि कमी मोजली जाण्याची शक्यता असते, एवढे जाता जाता सांगून ठेवते.

‘नवे मिळत असेल तर सोडू नये’ हे तुमच्या पतीचे म्हणणे प्रेमापोटी आहे, पण नवे म्हणजे अधिक चांगले हे गृहीतच चाचणी तपासत असते. ते आधीच खरे असते तर चाचणीची गरजच पडली नसती. एफालिझुमॅब हे सोरायसिसचे औषध २००३ मध्ये चाचण्या पार करून बाजारात आले आणि मेंदूच्या एका दुर्मीळ, जीवघेण्या संसर्गाचे रुग्ण आढळल्यावर २००९ मध्ये मागे घेतले गेले. याने घाबरून जाऊ नका. आज मिळणारी आयएल-१७ आणि आयएल-२३ रोखणारी औषधे अशाच चाचण्यांतून आली आहेत आणि बऱ्याच रुग्णांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होईल इतके सामर्थ्य त्यांच्यात आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की तिथे जोखीम खरी असते.

तुमच्यासाठी निर्णायक मुद्दा मात्र याहून साधा आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. अशा चाचण्यांत मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना गर्भनिरोधन बंधनकारक असते आणि गर्भ राहिल्यास औषध थांबवावे लागते. शिवाय सुरुवातीला चालू उपचार काही आठवडे बंद ठेवावे लागतात, आणि ते दिवस कठीण जातात. वर्षभरात मूल हवे असेल तर ही चाचणी तुमच्यासाठी आत्ता नाही. हा मुद्दा डॉक्टरांसमोर ठेवा. कदाचित तुम्हाला मूल हवे आहे, हे त्यांना तुम्ही अजून सांगितलेलेच नसेल.

सांगाल तेव्हा सध्याच्या आणि पुढे सुचवल्या जाऊ शकणाऱ्या उपचारांचाही फेरविचार त्यांच्याकडून करून घ्या. मेथोट्रेक्सेट हे जुने आणि कामाचे औषध आहे, पण ते गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेच्या पुरेसे आधी थांबवावे लागते. अॅसिट्रेटिन घेतल्यास ते बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भ टाळण्याचा सल्ला दिला जातो, म्हणून ‘थोडे दिवस घेऊन पाहू’ असे ते औषध नाही. अरुंद पट्ट्यातील यूव्हीबी (अतिनील किरणांचा) प्रकाशोपचार गरोदरपणातही चालतो, मात्र त्याने शरीरातील फोलेट हे जीवनसत्त्व घटू शकते, म्हणून फॉलिक अॅसिडविषयी विचारा. इंजेक्शनची गरज पडलीच तर सर्टोलिझुमॅब हे औषध वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. गरोदरपणात अनेकींचे चट्टे आपणहून मंदावतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतात. त्या दिवसांसाठी काय करायचे, ते आधीच ठरलेले असावे.

त्वचेचे दुसरे आजार असलेल्या वाचकांसाठी इथे एक भेद सांगणे आवश्यक आहे, नाहीतर माझे म्हणणे चुकीच्या ठिकाणी लावले जाईल. सोरायसिस, एक्झिमा, कोड आणि चाई हे अनेक जनुकांचे आजार आहेत आणि त्यांत जनुकीय तपासणी बाळाचे भविष्य सांगत नाही. परंतु एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजे नुसत्या घासण्यानेही कातडी सुटून फोड येणे, किंवा इक्थिओसिसचे (खवल्यांसारख्या कोरड्या, जाड त्वचेचे) काही तीव्र प्रकार यांत एकाच जनुकातला बिघाड पुरेसा असतो. तिथे कुटुंबातला नेमका दोष सापडला तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता निम्मी आहे की पाव, हे सांगता येते. अशा कुटुंबांनी मूल होण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाकडे जरूर जावे, आणि त्यांनी निकालाची वाट पाहणे पूर्णपणे रास्त आहे.

शेवटी तुमच्या पत्रातल्या त्या ओझरत्या ओळीकडे येते. तुम्ही विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला आठ-पंधरा दिवसांची घाई नाही. या न विचारलेल्या गोष्टीला आहे. सोरायसिस असलेल्यांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत लोकांना त्याचाच सांधेदुखीचा प्रकार होऊ शकतो. सकाळी अर्धा तास किंवा अधिक वेळ बोटे आखडणे, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे, टाच दुखणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडणे किंवा नख त्वचेपासून सुटणे, या त्याच्या खुणा आहेत. वयोमानाची झीज म्हणून तो अनेकदा अंगावर काढला जातो, आणि निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांध्यांची कायमची हानी वाढते, असे आयर्लंडमधील एका अभ्यासात २०१५ मध्ये दिसले आहे. तेव्हा तुमच्या संमतिपत्राआधी वडिलांसाठी संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. रक्त कुठे द्यायचे, का द्यायचे, हे सगळे त्या दिवशी बाजूला ठेवा. जाताना त्यांची मूठ सकाळी किती वळते आणि किती वेळाने पूर्ण वळते, एवढे आठवडाभर एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर तेच पहिले विचारतील.